पंचवीस सामने आणि दोन वर्षे

२०१९ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत, चार आठवड्यांच्या आत, बास्केटबॉलच्या तीन खेळाडूंवर निषिद्ध द्रव्यांच्या सेवनाबद्दल कारवाई झाली. फिनिक्स संघाच्या डिअँड्रे एटनच्या लघवीत मूत्रल औषधाचा अंश आढळला. अशा औषधाने दुसऱ्या द्रव्यांच्या खुणा पुसता येतात, म्हणून ते निषिद्ध आहे. अटलांटा संघाच्या जॉन कॉलिन्सच्या नमुन्यात वाढीच्या संप्रेरकाचा स्राव वाढविणारे पेप्टाइड सापडले. अमेरिकेच्या नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनने, म्हणजे एन.बी.ए.ने, दोघांनाही प्रत्येकी २५ सामने विनावेतन निलंबित केले आणि डिसेंबर संपण्यापूर्वी दोघेही मैदानात परतले.

तिसरा खेळाडू आपल्या देशातला. पंजाबातील बल्लो के या गावच्या शेतकरी कुटुंबातला, सात फुटांहून उंच असा सतनाम सिंग. २०१५ साली डॅलस संघाने त्याची निवड केली, तेव्हा एन.बी.ए.च्या निवडप्रक्रियेत नाव पुकारला गेलेला तो पहिला भारतीय ठरला होता. डॅलसच्या मुख्य संघात त्याला जागा मिळाली नाही. त्या संघाशी संलग्न असलेल्या दुय्यम लीगमधल्या चमूत तो खेळला आणि मायदेशी परतला. दक्षिण आशियाई स्पर्धेसाठी बंगळूरला भरलेल्या शिबिरात त्याची चाचणी झाली आणि हायजेनामाइन नावाचे द्रव्य सापडले. काही वनस्पतींत ते निसर्गतः असते आणि बाजारातल्या पूरक आहाराच्या डब्यांतूनही पोटात जाऊ शकते. आपण जाणूनबुजून काही घेतले नाही, असे त्याचे म्हणणे होते. डिसेंबर २०२० मध्ये त्याला दोन वर्षांची बंदी सुनावण्यात आली.

कायद्याच्या काटेकोर भाषेत ही तुलना गैरलागू आहे, हे मान्य करावयास हवे. पहिले दोघे संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील सामुदायिक कराराखाली येतात, तर तिसरा जागतिक उत्तेजक द्रव्य विरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘वाडा’च्या, संहितेखाली. परंतु खेळ एकच, चेंडू एकच, बास्केटची उंचीही एकच, आणि तरीही शिक्षेत एवढी तफावत का, हा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही. व्यावसायिक बास्केटबॉलविषयी गेली कित्येक वर्षे जो संशय बोलला जातो, त्याचे मूळ शोधायचे असेल तर याच तफावतीपाशी थांबले पाहिजे.

हा संशय काय आहे? १९९९ पासून आजवर शरीरसामर्थ्य वाढविणाऱ्या द्रव्यांसाठी एन.बी.ए.ने उघडपणे शिक्षा केलेले खेळाडू डझन-दीड डझनाच्या घरात आहेत. सुमारे साडेचारशे खेळाडूंच्या, पाव शतकाहून अधिक चाललेल्या लीगमध्ये एवढेच! त्याच काळात सायकलिंग, भारोत्तोलन, धावण्याच्या शर्यती आणि अमेरिकेचे लाडके बेसबॉल या खेळांत एकामागून एक प्रकरणे उघडकीस आली. तेव्हा लोक विचारतात, बास्केटबॉल खरोखरच निर्मळ आहे की तेथे कोणी नीट शोधलेच नाही? २०११ साली एका अमेरिकी नियतकालिकाने शिकागोच्या डेरिक रोझला या प्रश्नाची तीव्रता एक ते दहाच्या पट्टीवर विचारली, तेव्हा त्याने ‘सात’ सांगितल्याचे छापून आले. असे बोलल्याचे आपल्याला आठवत नाही, असा खुलासा त्याने लगेच केला. जॉर्ज कार्ल या ज्येष्ठ प्रशिक्षकाने २०१७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात, वय वाढेल तसे काही खेळाडू अधिक सडपातळ आणि ताकदवान कसे होतात, अशी शंका व्यक्त केली. नाव मात्र त्यानेही घेतले नाही.

कोणा खेळाडूचे खांदे रुंद झाले, चाळिशीच्या उंबरठ्यावर तो अजून उड्या मारतो, किंवा तो जर्मनीत जाऊन गुडघ्यावर उपचार करून आला, एवढ्यावरून त्याला चोर ठरविणे हा निव्वळ बाष्कळपणा आहे. जर्मनीतले ते बहुचर्चित उपचार, ज्यांत रुग्णाचेच रक्त काढून त्यावर प्रक्रिया करून ते सांध्यात टोचतात, निषिद्ध यादीत नव्हते. पुराव्यावाचून माणसाच्या प्रतिष्ठेवर घाला घालण्याची रीत श्रमिकांच्या पत्राला शोभत नाही. म्हणून या लेखात ज्यांची नावे येतील ती जाहीर कारवाई झालेल्यांची, किंवा ज्यांनी जे जाहीरपणे सांगितले त्यांचीच येतील. संशयित व्यक्तींपेक्षा, संशय हटू न देणारी व्यवस्था हाच येथे विचाराचा विषय आहे.

शब्दाने केलेली दिशाभूल

भाषांतराचे काम करणाऱ्यास शब्द कसे फसवतात याचा अनुभव रोजचाच. मराठी वृत्तपत्रांनी ‘डोपिंग’साठी ‘उत्तेजक द्रव्यांचे सेवन’ असा प्रतिशब्द रूढ केला. तो ऐकला की डोळ्यांपुढे येतो तो शर्यतीपूर्वी गोळी घेऊन डोळे तारवटलेला धावपटू. घोड्यांच्या शर्यतींच्या जमान्यात हे चित्र खरे होते. आजच्या द्रव्यांपैकी बहुतेक मात्र माणसाला उत्तेजित करीत नाहीत. ती त्याला दुरुस्त करतात. टेस्टोस्टेरॉनची अल्प मात्रा, वाढीचे संप्रेरक, स्नायू भरून काढणारी नवी संयुगे यांचे काम रात्री, खेळाडू झोपलेला असताना चालते. फाटलेला स्नायू सहा आठवड्यांऐवजी चार आठवड्यांत जोडला जावा आणि आज रात्री ज्याने चाळीस मिनिटे धाव घेतली त्याने उद्या रात्री दुसऱ्या शहरात पुन्हा ती घ्यावी, एवढ्यासाठी ती असतात.

बास्केटबॉल हा कौशल्याचा खेळ आहे, येथे नेम लागतो आणि उंची लागते, स्टेरॉइडने नेम सुधारत नाही, हा लीगच्या वर्तुळांतून वर्षानुवर्षे केला गेलेला युक्तिवाद याच शब्दभ्रमावर उभा आहे. स्टेरॉइडने नेम सुधारत नाही हे खरेच. पण थकलेल्या पायांनी नेम बिघडतो, हे मैदानावर चेंडू हाताळलेल्या कोणालाही ठाऊक असते.

आता लीगचे वेळापत्रक पाहा. १९६७-६८ पासून प्रत्येक संघ हंगामाला ८२ सामने खेळतो. हे सामने सुमारे सहा महिन्यांत उरकतात; मध्ये विमानप्रवास, वेळेचे पट्टे ओलांडणे, लागोपाठ दोन रात्री दोन शहरांत सामने; आणि त्यानंतर जे संघ बाद फेरीत जातील त्यांना आणखी दोन महिने. खेळ पूर्वीपेक्षा कितीतरी वेगवान झाला, मैदानाचा अधिक विस्तार व्यापू लागला, तरी ८२ हा आकडा सामान्य हंगामात ढळला नाही. तो का ढळत नाही याचे उत्तर क्रीडाशास्त्रात शोधण्याची गरज नाही. २०२४ च्या जुलैमध्ये लीगने डिस्ने, एन.बी.सी. आणि ॲमेझॉन या कंपन्यांशी ११ वर्षांसाठी सुमारे ७६ अब्ज डॉलरचा प्रक्षेपण-करार केला. विकलेला माल सामने हा आहे. सामने कमी करणे म्हणजे माल कमी करणे.

काही संघांनी तारांकित खेळाडूंना मधूनमधून विश्रांती देण्यास सुरुवात केली तेव्हा प्रक्षेपण-कंपन्यांनी कुरकुर केली. त्याचा परिणाम म्हणून २०२३-२४ पासून असा नियम झाला की किमान ६५ सामने खेळल्याशिवाय खेळाडू प्रमुख पारितोषिकांस पात्र ठरणार नाही. हा नियम वरवर निरुपद्रवी वाटतो. परंतु कोणते पारितोषिक मिळाले यावर काही खेळाडूंच्या पुढच्या कराराची कमाल मर्यादा ठरते आणि त्यातला फरक कोट्यवधी डॉलरचा असतो. दुखरा गुडघा घेऊन ६३ व्या सामन्यापाशी उभ्या असलेल्या माणसापुढे लीगने कोणते गणित मांडून ठेवले आहे, ते वाचकांनीच पाहावे. मार्क्सने ‘भांडवल’ ग्रंथात कामाच्या दिवसावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले. श्रमशक्ती विकत घेणारा तिचा वापर लांबवू पाहतो आणि विकणाऱ्याला ती उद्यासाठीही शाबूत ठेवावयाची असते, हा तेथला झगडा. विकणारा लक्षाधीश आहे म्हणून झगड्याचे स्वरूप पालटत नाही. बहुतेकांची कारकीर्द चार-पाच वर्षांत आटोपते आणि लक्षाधीशांच्या खाली, दुय्यम लीगमध्ये, सतनामसारखे तरुण त्या काळी हंगामाला वीस-पंचवीस हजार डॉलरच्या आसपास वेतनावर खेळत होते.

जाहीर झालेल्या प्रकरणांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांतला समान धागा दिसतो. २०१३ साली ऑर्लँडोच्या हिदायत तुर्कोग्लूला स्टेरॉइडसाठी २० सामन्यांची शिक्षा झाली. दुखावलेल्या खांद्यावर इलाज करताना ते औषध घेतले गेले, असे त्याने सांगितले. २०१७ साली न्यूयॉर्कच्या जोकिम नोआला २० सामन्यांची शिक्षा झाली तेव्हा तो गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बरा होत होता. त्याने नियम जाणूनबुजून मोडला नाही, असा निष्कर्ष चौकशीअंती निघाला. २०२४ च्या जानेवारीत क्लीव्हलँडच्या ट्रिस्टन थॉम्प्सनला २५ सामन्यांची शिक्षा झाली ती स्नायू आणि वाढीचे संप्रेरक या दोहोंशी निगडित द्रव्यांसाठी. वयाची तिशी ओलांडलेला, अंगचटीला जाऊन खेळणारा हा खेळाडू. या तिघांनीही झिंग यावी म्हणून काही घेतलेले नव्हते.

चाचणी कोणासाठी सुरू झाली?

लीगचा पहिला द्रव्यविरोधी करार १९८३ सालचा. अमेरिकेतील मोठ्या व्यावसायिक लीगपैकी असा करार प्रथम एन.बी.ए.नेच केला, हे ती अभिमानाने सांगते. पण तो होता कोकेन आणि हेरॉइन यांच्याविरुद्ध. स्नायू फुगविणाऱ्या द्रव्यांचा त्यात मागमूस नव्हता. त्या वर्षांत लीग आर्थिक अडचणीत होती, बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय होते, आणि गोऱ्या प्रेक्षकवर्गाला व जाहिरातदारांना ‘हे सगळे नशेबाज आहेत’ असे वाटू लागल्याची धास्ती संघमालकांना होती. ज्या १९८३ मध्ये हा करार झाला त्याच वर्षी वेतनावर कमाल मर्यादाही आली आणि त्या बदल्यात खेळाडूंना उत्पन्नाचा ५३ टक्के वाटा कबूल झाला. म्हणजे चाचणी आली ती धंद्याच्या पुनर्बांधणीचा एक भाग म्हणून. तिची शिक्षा कठोर होती. न्यूजर्सीचा मायकेल रे रिचर्डसन १९८६ मध्ये लीगबाहेर फेकला गेला तो तिच्याच आधारे. त्याच वर्षी जूनमध्ये बॉस्टनने निवडलेला लेन बायस हा कोवळा तरुण निवडीनंतर दोनच दिवसांनी कोकेनने मेला.

येथे थोडे थांबावे लागते. जे द्रव्य खेळाडूला नादुरुस्त करते, त्याच्या प्रतिमेला आणि पर्यायाने मालाच्या किमतीला बट्टा लावते, त्याच्यावर १९८३ मध्ये लीगबाहेर घालविण्याची शिक्षा. आणि जे द्रव्य खेळाडूला अधिक सामने खेळण्यास समर्थ करते, ते निषिद्ध होण्यास १९९९ साल उजाडावे लागले! तेही शिक्षा काय, तर पहिल्या वेळी पाच सामने. जुन्या खेळाडूची चाचणी वर्षातून एकदा, हंगामापूर्वीच्या शिबिरात, म्हणजे ती केव्हा होणार हे ज्याला त्याला ठाऊक. यात कोणाचे कारस्थान होते असे मला म्हणावयाचे नाही. जेथे हितसंबंध दुखावतो तेथे डोळे लवकर उघडतात, इतकेच.

पुढचा प्रत्येक बदल बाहेरच्या रेट्याने झाला. २००५ च्या मे महिन्यात अमेरिकी काँग्रेसच्या समितीने लीगचे तेव्हाचे आयुक्त डेव्हिड स्टर्न आणि खेळाडू-संघटनेचे बिली हंटर या दोघांनाही पाचारण केले आणि धोरणाच्या शिथिलपणाबद्दल जाब विचारला; त्यावर्षीच्या करारात सर्व खेळाडूंसाठी हंगामात चार आकस्मिक चाचण्या आल्या. २०११ च्या करारात हंगामाबाहेरच्या दोन चाचण्यांची भर पडली. वाढीच्या संप्रेरकासाठी रक्ताची चाचणी ऑलिंपिकमध्ये २००४ साली अथेन्सला सुरू झाली, एन.बी.ए.मध्ये ती आली २०१५-१६ च्या हंगामात, बेसबॉल आणि अमेरिकी फुटबॉल यांच्याही मागून. ११ वर्षांचे अंतर! पहिल्या गुन्ह्याची शिक्षा पाचावरून दहा, दहावरून वीस, वीसवरून पंचवीस सामने अशी चढत गेली. जणू महागाईभत्ताच.

आणि एवढे करूनही चाचणीचा निकाल ‘नाही’ आला म्हणजे काय सिद्ध होते? मॅरिअन जोन्सचे उदाहरण येथे बास्केटबॉलच्या दृष्टीनेही समर्पक आहे, कारण ती मुळात बास्केटबॉलची खेळाडू. १९९४ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या विजेत्या संघात ती होती. पुढे ती धावपटू झाली, सिडनी ऑलिंपिकमध्ये पाच पदके मिळविली, अनेक चाचण्या दिल्या आणि त्यांतून सुटत गेली. ज्या प्रयोगशाळेने तिला द्रव्य पुरविले तिने खास न सापडण्यासाठीच एक नवे स्टेरॉइड घडविले होते. २००३ साली एका प्रशिक्षकाने वापरलेली पिचकारी गुपचूप अधिकाऱ्यांकडे धाडली नसती तर ते सापडलेही नसते. २००७ साली जोन्सने कबुली दिली, ती तुरुंगात गेली, आणि बाहेर आल्यावर २०१० साली स्त्रियांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये टल्सा संघाकडून खेळली. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या प्रकरणातही साथीदारांच्या साक्षी आणि कागदपत्रे निर्णायक ठरली. तात्पर्य, मोठी प्रकरणे फुटतात ती चाचणीच्या बाटलीतून क्वचित; ती फुटतात स्वतंत्र चौकशीतून. आणि एन.बी.ए. ही वाडाच्या संहितेवर स्वाक्षरी केलेली संस्था नाही. तिचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत जातात, वैद्यकीय संचालक दोन्ही पक्षांच्या संमतीने नेमला जातो, हे खरे. पण किती वेळा तपासावयाचे, काय जाहीर करावयाचे आणि काय नाही, हे ठरते मालक आणि संघटना यांच्या टेबलावर. गिरणीच्या चालकांनीच फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या फेऱ्या ठरवून द्याव्यात, असा हा प्रकार.

आपल्याकडेही श्रीमंत खेळाने नेमके हेच केले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य विरोधी संस्थेचा अधिकार वर्षानुवर्षे नाकारला. मुंबईचा फलंदाज पृथ्वी शॉ याच्या नमुन्यात खोकल्याच्या औषधातील द्रव्य सापडले तेव्हा शिक्षा मंडळानेच ठरविली: आठ महिने, आणि तीही मागील तारखेपासून मोजून. ही शिक्षा ३० जुलै २०१९ रोजी जाहीर झाली, तोवर तिचे साडेचार महिने उलटून गेले होते. टीका झाली, आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत मंडळाने राष्ट्रीय संस्थेचा अधिकार मान्य केला. आठ महिने अन्याय्य होते असे नव्हे. खोकल्याच्या औषधासाठी कदाचित तेवढेच योग्य असतील. प्रश्न एवढाच की असे दयाळू न्यायाधीश पंजाबच्या शेतकऱ्याच्या मुलाच्या वाट्याला का येत नाहीत?

दुसऱ्या बाजूचे खरेपण

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग सरळ वाडाची संहिता लागू करा आणि मोकळे व्हा. इतके सोपे ते नाही. त्या संहितेखाली शरीरात द्रव्य सापडले की खेळाडू दोषी. ते कसे आले हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. प्रयोगशाळेचा अहवाल वाचणारा तज्ज्ञ आणि लढणारा वकील ज्याला परवडतो तो सुटण्याची आशा बाळगू शकतो. वरच्या श्रेणीतील खेळाडूंना रोज कोणत्या वेळी आपण कोठे सापडू हे आगाऊ कळवावे लागते. कोणत्याही कारखान्यातील कामगाराला सुटीच्या दिवशीही असा हिशेब द्यावयास सांगितले, तर आपली युनियन दारावर सभा घेईल आणि ते योग्यच ठरेल. तेव्हा बास्केटबॉल खेळाडूंची संघटना अमर्याद चाचण्यांना आणि रक्त काढण्याला दीर्घकाळ विरोध करीत राहिली, त्यात केवळ चोरांना पाठीशी घालण्याची वृत्ती पाहणे उथळपणाचे आहे. मालकाच्या हातात कामगाराच्या रक्ताची माहिती गेली की तिचा उपयोग पुढच्या कराराची किंमत पाडण्यासाठीही होऊ शकतो. ही भीती काल्पनिक नाही.

मात्र या रास्त भूमिकेची एक किंमत संघटनेने मोजली आहे, आणि ती जे द्रव्य घेत नाहीत अशा सदस्यांच्या माथी बसली आहे. शेजारच्या खाटेवरचा घेतो की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यावर आपणही घ्यावे असा दबाव येतो. संघात पंधरावी जागा टिकविण्यासाठी झगडणाऱ्यावर तो सर्वांत अधिक येतो. युनियनचे काम एका सदस्याची गुप्तता राखणे एवढेच नाही. दुसऱ्या सदस्याला आपले यकृत आणि हृदय पणाला न लावता नोकरी टिकविता यावी हेही आहे. कारखान्यात एकाने सुरक्षा-पट्टा न बांधता उत्पादन वाढविले तर कोटा सगळ्यांचाच वाढतो. हे आपल्याला कोणी शिकवावयास नको.

आपल्यापैकी काही साथी आणखी एक गोष्ट सुचवतील. हा सारा नफ्याचा रोग, जेथे नफा नाही तेथे तो नाही. या सुलभ निष्कर्षाला इतिहास साथ देत नाही. पूर्व जर्मनीत १९७४ पासून ‘१४.२५’ या क्रमांकाच्या राज्य-योजनेखाली हजारो खेळाडूंना, त्यांत अल्पवयीन मुली होत्या, स्टेरॉइडच्या निळ्या गोळ्या जीवनसत्त्वे म्हणून देण्यात आल्या. १९९० नंतर ती कागदपत्रे बाहेर आली. क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड २००० साली न्यायालयात दोषी ठरला. तेथे संघमालक नव्हते, पदकतक्ता होता. बास्केटबॉलपुरते सांगावयाचे तर त्या राज्याने १९६९ सालीच या खेळाचा विशेष पाठिंबा काढून घेतला होता, कारण बारा जणांच्या पोषणाच्या खर्चात पदक एकच मिळते! समाजवादाच्या नावाने झालेले हे कृत्य लपविण्यात आपल्या चळवळीचे काही भले नाही. खेळाडूचे शरीर हे त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या तरी हिशेबवहीतली बाब झाले, आणि तपासणारा व तपासणीत ज्याचा फायदा-तोटा आहे तो एकच राहिला, म्हणजे काय होते हे तेथेही दिसले. त्या मुलींना युनियन नव्हती.

अमेरिकेतल्या खेळाडूंना ती आहे, आणि तिचा इतिहास लेचापेचा नाही. १९५४ साली बॉब कूझीने ती उभारली. १९६४ च्या जानेवारीत बॉस्टनला निवडक खेळाडूंचा सामना होता, प्रथमच मुख्य वेळेत देशभर दूरचित्रवाणीवरून दाखविला जाणार होता. निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत मैदानात पाऊल टाकणार नाही, असे खेळाडूंनी कपडे बदलण्याच्या खोलीतून कळविले. लॉस एंजेलिसच्या मालकाने आपल्या खेळाडूंना धमकीचा निरोप पाठविला. ते जागचे हलले नाहीत. सामना सुरू होण्याची वेळ टळू लागली तसा आयुक्तांनी शब्द दिला आणि मगच खेळ झाला. ऑस्कर रॉबर्टसनच्या नेतृत्वाखाली याच संघटनेने १९७० मध्ये मालकांवर खटला भरला आणि १९७६ च्या तडजोडीतून खेळाडूंच्या मोकळ्या वाटाघाटीच्या हक्काचा मार्ग खुला केला. २०११ साली मालकांनी १६१ दिवसांची टाळेबंदी लादून खेळाडूंचा वाटा ५७ टक्क्यांवरून सुमारे निम्म्यावर आणला, तेव्हा मात्र ती मागे रेटली गेली.

२०२३ साली झालेला करार २०२९-३० च्या हंगामापर्यंतचा आहे. त्या करारात गांजा चाचणीच्या यादीतून वगळण्यात आला. ६५ सामन्यांचा नियमही त्याच वेळचा. पुढच्या वाटाघाटींत वेतनाचा वाटा, प्रक्षेपणाचे उत्पन्न, संघांची संख्या यांवर घासाघीस होईलच. तेथे संघटनेने स्वतःहून दोन मागण्या एकत्र ठेवाव्यात, असे माझे मत आहे. एक, चाचणी आणि चौकशी मालकांच्या व आपल्याही हातून काढून अशा यंत्रणेकडे द्यावी जिच्यावर खेळाडूंचे निवडलेले प्रतिनिधी आणि वैद्यक असतील, जी रक्ताचा अहवाल संघ-व्यवस्थापनास दाखवू शकणार नाही, आणि जिच्यापुढे आरोपीला मोफत वकील व तज्ज्ञ मिळेल. दुसरी मागणी सामन्यांची संख्या कमी करण्याची. पहिली मागणी मालक कदाचित लवकर मान्य करतील. त्यांची जाहिरातही होईल. दुसरीच्या वेळी ते प्रक्षेपण-कराराची प्रत टेबलावर ठेवतील. १९९८ ची टाळेबंदी लांबली तेव्हा पुढचा हंगाम ५० सामन्यांचा झाला होता आणि २०११ ची लांबली तेव्हा ६६ सामन्यांचा. दोन्ही वेळा विजेता ठरला, चषक दिला गेला आणि प्रेक्षकही आले.